अर्धायुष्य ८ दिवसांचं, मग सरासरी आयुष्य साडेअकरा दिवसांचं कसं?

सातारकर_बाबा

मुलगी यंदा बारावीला आहे. फिजिक्सच्या पुस्तकात किरणोत्सारी ऱ्हासाचा, म्हणजे अणू आपोआप फुटण्याचा, भाग आहे, त्यात दोन सूत्रं एकाखाली एक दिली आहेत. अर्धायुष्य म्हणजे ०.६९३ भागिले लॅम्डा (एका सेकंदात अणू फुटण्याची शक्यता), आणि सरासरी आयुष्य म्हणजे १ भागिले लॅम्डा. दोन्ही तिची पाठ आहेत, गणितंही सुटतात. पण काल तिने विचारलं, "बाबा, आयोडीन-१३१ चे निम्मे अणू ८ दिवसांत संपतात. म्हणजे निम्मे ८ दिवसांच्या आत गेले, निम्मे नंतर. मग सरासरी ८ च्या आसपास यायला हवी ना? साडेअकरा कशी?"

तिचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. अर्धायुष्य माहीत असताना सरासरी आयुष्य लागतं कुणाला? वर्गात विचारलं तर "परीक्षेत एक मार्काला येतं" एवढंच कळलं. इथे शिकवणारे आणि प्रत्यक्ष काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय. सूत्राची सिद्धता नको, ती पुस्तकात आहे. मला तिला समजावता येईल असं काही हवं आहे.

निवांत_वाचक

सरासरी आयुष्य = १.४४ × अर्धायुष्य. ८.०२ ला १.४४२७ ने गुणा, ११.५७ दिवस येतात. बरोबर आहे पुस्तक.

सातारकर_बाबा

हो, उत्तर बरोबर आहे हे माहीत आहे. ते तसं का येतं, हा प्रश्न आहे.

खडू_फळा

ज्युनियर कॉलेजात शिकवतो. हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं मनापासून कौतुक. वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलांच्या चेहऱ्यावर तो दिसतो, पण तोंडाने फार थोडी मुलं विचारतात.

सूत्र बाजूला ठेवा आणि ल्युडोचे फासे घ्या. शंभर नसतील तर वीस घ्या आणि पाच वेळा खेळा. नियम एकच. सगळे फासे टाकायचे, ज्यांच्यावर ६ पडेल ते बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा टाकायचे. १०० फाशांचे पहिल्या फेरीनंतर साधारण ८३ उरतात, मग ६९, मग ५८, मग ४८. म्हणजे चौथी फेरी संपेपर्यंत निम्म्याहून जास्त गेले. अर्धायुष्य चार फेऱ्यांच्या जरासं अलीकडे, नेमकं म्हणाल तर ३.८.

आता मुलीला विचारा, एका फाशावर ६ पडायला सरासरी किती वेळा टाकावा लागेल? ती लगेच म्हणेल ६ वेळा. शक्यता सहात एक आहे, तर सरासरी सहा फेऱ्या. यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. पण तेच फासे, तोच खेळ, आणि निम्मे ३.८ फेऱ्यांत बाहेर! दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत, कारण काही फासे हट्टी निघतात. दहाव्या, पंधराव्या, क्वचित पंचविसाव्या फेरीपर्यंत ६ दाखवत नाहीत. मधला फासा कधी बाहेर पडला हे विचारलं तर त्या हट्टी फाशांना काही किंमत नसते, ते चौथ्या फेरीनंतर "कधीतरी" जाणार एवढंच मोजलं जातं. सरासरी काढताना मात्र त्यांचे पंचवीस पूर्ण पंचवीस म्हणून धरावे लागतात.

आता आयोडीनवर या. अणू दोन गटांत वाटा. पहिल्या ८.०२ दिवसांत जाणारे निम्मे आणि नंतर जाणारे निम्मे. पहिल्या गटाचं सरासरी आयुष्य किती? चारपेक्षा थोडं कमी, ३.५५ दिवस. थोडं कमी का, तर सुरुवातीला अणू जास्त असतात, म्हणून जाणारेही लवकरच्या दिवसांत जास्त. दुसरा गट ८.०२ दिवस तर जगलाच, वर किती जगणार? हा गट म्हणजे नव्याने आणलेल्या आयोडीनसारखाच आहे, त्याचं पुढचं सरासरी आयुष्य पुन्हा ११.५७. एकूण १९.५९. आता ३.५५ आणि १९.५९ यांची सरासरी काढा. ११.५७ येते की नाही बघा.

मुलीची चूक कुठे होते तेही इथे दिसतं. "निम्मे आधी, निम्मे नंतर" हे खरंच आहे, पण आधीचे फक्त ८ दिवसांच्या चौकटीत बसलेले असतात आणि नंतरच्यांना पुढे चौकटच नाही.

सातारकर_बाबा

सर, फार आभार. दोन गटांचा हिशेब तिने स्वतः वहीत करून बघितला. आता तिची पुढची शंका: जो अणू ८ दिवस टिकला, त्याचं पुढचं आयुष्य पुन्हा ११.५७ कसं? माणसाचं आयुर्मान ७० असेल तर साठीच्या माणसाला आणखी ७० वर्षं मिळत नाहीत.

खडू_फळा

इथेच सगळी गंमत आहे. अणूला वय नसतं. माणसाची हाडं झिजतात, हृदय थकतं, म्हणून दर वर्षी मरणाची शक्यता वाढत जाते. आयोडीनच्या केंद्रकात झिजण्यासारखं काहीच नाही. काल अणुभट्टीत तयार झालेला अणू आणि महिन्याभरापूर्वीचा अणू शेजारी ठेवले तर कोणत्याही मोजमापाने त्यांच्यात फरक सापडत नाही. पुढच्या सेकंदाला फुटण्याची शक्यता दोघांची सारखीच. नऊ वेळा ६ पडला नाही म्हणून दहाव्या वेळी फासा काही जास्त उदार होत नाही, तसंच.

लॅम्डा म्हणजे हीच शक्यता. म्हणून लॅम्डा उलटा केला की सरळ सरासरी आयुष्य मिळतं. माझ्या मते शिकवताना आधी सरासरी आयुष्य यावं आणि मग अर्धायुष्य. पुस्तकं उलटं करतात.

सरळरेषा

मतभेद नोंदवतो. ०.६९३ हा ठरलेला आकडा आहे. एक राशी माहीत असली की दुसरी आपोआप मिळते, नवी माहिती शून्य. मग मुलांच्या डोक्यावर दोन राशी कशाला? जगभर कोष्टकांत अर्धायुष्यच छापतात. औषधाच्या बाटलीवरही तेच असतं. "निम्मं उरलं" हे शाळकरी पोरालाही कळतं. सरासरी आयुष्याएवढा वेळ गेल्यावर "३६.८ टक्के उरलं" हे कुणाच्या जिभेवर बसतं?

मुक्काम_परळ

सरळरेषा यांचा मुद्दा अर्धा मान्य. "किती उरलं?" असं विचारायचं असेल तर अर्धायुष्यासारखं सोपं माप नाही. पण प्रश्न "एकूण किती?" असा असेल तर अर्धायुष्य घेऊन बसणारा फसतो. मी आयुष्यभर हॉस्पिटलात मेडिकल फिजिक्सचं काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८.०२५ दिवस. त्याचे सेकंद करा: ६ लाख ९३ हजारांच्या थोडे वर. ०.६९३ ने भागा. सरासरी आयुष्य १० लाख सेकंद! निव्वळ योगायोग आहे, पण मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हा आकडा आधी सांगत असे, कारण मग सगळा हिशेब तोंडी होतो. दर सेकंदाला दहा लाखांतला एक अणू फुटतो.

थायरॉइडच्या कॅन्सरसाठी रुग्णाला १०० मिलिक्युरीचा (मिलिक्युरी हे किरणोत्साराचं एकक) डोस दिला असं समजा. म्हणजे सेकंदाला ३७० कोटी अणू फुटताहेत. एकूण अणू किती? ३७० कोटी गुणिले १० लाख, म्हणजे ३,७०० लाख कोटी. ऐकायला प्रचंड, वजन करायला गेलात तर ०.८ मायक्रोग्रॅम. ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी आयोडीन एका कॅप्सूलमध्ये, आणि त्यासाठी शिशाचं जाड भांडं, वेगळी खोली, संडासासाठी वेगळी डिले टँक, म्हणजे किरणोत्सार उतरेपर्यंत सांडपाणी साठवून ठेवणारी टाकी.

आता मुख्य गोष्ट. पेशींवर होणारा परिणाम किती अणू शिल्लक आहेत यावर ठरत नाही, शरीरात एकूण किती अणू फुटले यावर ठरतो. एकूण फुटलेले = सुरुवातीचा वेग × सरासरी आयुष्य. वेळेनुसार वेगाचा आलेख काढलात तर वक्राखालचं क्षेत्रफळ. कुणी घाईत सुरुवातीच्या वेगाला अर्धायुष्याने गुणलं तर उत्तर ३१ टक्के कमी येतं. परीक्षेत एक मार्क जाईल. रेडिओथेरपीत ३१ टक्के म्हणजे काय होतं हे सांगायला नको.

आलेखावरून आणखी एक दिसतं. वक्राच्या अगदी सुरुवातीला पट्टी लावून स्पर्शरेषा काढा आणि खाली आडव्या अक्षापर्यंत न्या. ती जिथे टेकते ते सरासरी आयुष्य. सुरुवातीचाच वेग कायम राहिला असता तर सगळा साठा तेवढ्या वेळात संपला असता. बारावीच्या मुलीने हे आलेखाच्या कागदावर एकदा तरी करून बघावं.

हा हिशेब आजकालचा नाही. पूर्वी कॅन्सरच्या गाठीत रेडॉन हा किरणोत्सारी वायू भरलेल्या बारीक नळ्या कायमच्या ठेवून देत. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस, सरासरी आयुष्य साडेपाच दिवस, तासांत १३२. तेव्हाचे डॉक्टर औषधाची मात्राच "किती मिलिक्युरी संपले" अशी लिहीत आणि एका मिलिक्युरीचे १३३ मिलिक्युरी-तास धरत. तो १३३ म्हणजे तासांत मोजलेलं सरासरी आयुष्यच होतं, तेव्हाच्या थोड्या वेगळ्या अर्धायुष्यावरून काढलेलं.

आजही प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्या ग्रंथीत आयोडीन-१२५ चे तांदळाएवढे सीड (किरणोत्सारी दाणे) कायमचे ठेवतात. अर्धायुष्य ५९.४ दिवस, सरासरी ८५.७. एकूण १४५ ग्रे (ग्रे हे शरीरात शोषलेल्या डोसचं एकक) द्यायचे ठरले तर १४५ ला ८५.७ ने भागा. पहिल्या दिवशी वेग १.६९ ग्रे, तासाला साधारण ७ सेंटिग्रे. भागाकार एकच, पण तो सरासरी आयुष्याने.

खडू_फळा

परळकर काका, १० लाख सेकंदांचं मला माहीत नव्हतं. उद्या वर्गात सांगतो. स्पर्शरेषेचा मुद्दा तर प्रात्यक्षिकाच्या वहीत यायला हवा.

अबोली

धागा वाचून एक विचारावंसं वाटलं. माझ्या बहिणीला थायरॉइडचं ऑपरेशन झाल्यावर रेडिओआयोडीन दिलं आहे. ती घरी आली आहे. लहान बाळ आहे घरात. आम्ही ८ दिवस धरून चाललो होतो. आता हे साडेअकरा वाचून धास्ती वाटते. बाळाला किती दिवस लांब ठेवायचं?

मुक्काम_परळ

अबोलीताई, घाबरू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ८ मध्येही नाही आणि साडेअकरामध्येही नाही. हे दोन्ही आकडे बाटलीत ठेवलेल्या आयोडीनचे आहेत. बहिणीच्या शरीरातून आयोडीन दोन वाटांनी कमी होतं: एक, अणू फुटतात म्हणून, दुसरं, ते लघवीवाटे बाहेर पडतं म्हणून. थायरॉइड काढून टाकलेल्या रुग्णात आयोडीन धरून ठेवणारी ग्रंथीच जवळजवळ नसते, त्यामुळे बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे जातो. म्हणून तर आयसोलेशन वॉर्डात भरपूर पाणी प्यायला सांगतात. घरी सोडण्याआधी एक मीटर अंतरावरून किरणोत्सार यंत्राने मोजतात आणि ते मोजमाप बघूनच सोडतात.

बाळापासून किती दिवस, किती अंतर, दूध पाजण्याचं काय, हे त्या मोजमापावरून हॉस्पिटल लिहून देतं. तोच कागद पाळा. कागदावर बाळाबद्दल स्पष्ट लिहिलं नसेल तर आजच न्यूक्लिअर मेडिसिन विभागात फोन करून विचारा. हा प्रश्न त्यांना रोज येतो, संकोच करू नका.

बाकीच्यांसाठी हिशेब: दोन वाटा असल्या की आयुष्यांची बेरीज होत नाही, वेगांची होते. निरोगी थायरॉइडमध्ये आयोडीन शरीरातून बाहेर पडण्याचं अर्धायुष्य साधारण ८० दिवस धरतात. १/८ अधिक १/८०, उलटं करा, ७.३ दिवस. एकत्रित आयुष्य नेहमी दोन्हींपेक्षा कमी येतं. डोस काढताना याच ७.३ ला १.४४ ने गुणायचं.

अबोली

खूप धन्यवाद काका. कागदात बाळाबद्दल लिहिलेलं आहे, आम्ही तो भाग नीट वाचला नव्हता. आता तसंच करतो.

पांढरीची_माती

पुरातत्त्वातून एक भर घालते. आमच्याकडे तर सरासरी आयुष्य रोज वापरात आहे, फक्त त्याला कुणी त्या नावाने हाक मारत नाही.

कार्बन-१४ ने वय काढण्याचं सूत्र असं: वय = ८०३३ × नैसर्गिक लॉग (१ भागिले उरलेला अंश). हा ८०३३ कुठून आला असं विद्यार्थी विचारतात. ५५६८ ला ०.६९३ ने भागा. ही पद्धत शोधणाऱ्या लिबींनी ती बसवली तेव्हा कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५५६८ वर्षं धरलं होतं, त्याचं सरासरी आयुष्य ८०३३. एखाद्या जळक्या धान्यात ७० टक्के कार्बन-१४ उरला असेल तर ८०३३ गुणिले ०.३५७, म्हणजे २८६५ वर्षं.

पुढे अधिक नेमकी मोजमापं झाली आणि अर्धायुष्य ५७३० ठरलं, म्हणजे सरासरी आयुष्य ८२६७. फरक जेमतेम ३ टक्क्यांचा. तरी १९६२ मध्ये ठरलं की वय जाहीर करताना जुनाच आकडा वापरायचा, नाहीतर आधी छापलेल्या आणि नंतर छापलेल्या तारखांची सरमिसळ होईल. आज झाडांच्या वर्षवलयांवरून दुरुस्ती होते आणि ती वलयंही त्याच ८०३३ ने मोजलेली असतात, त्यामुळे शेवटी चूक राहत नाही.

आपल्याकडे याचा थेट संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-१४ ची प्रयोगशाळा होती, पुढे ती अहमदाबादला गेली. तिथल्या नमुन्यांना "टीएफ" अशी अक्षरं आणि पुढे क्रमांक असे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननाचे अहवाल काढून बघा. घोड नदीकाठची ती जोर्वे संस्कृतीची (सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची) वसाहत, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे कितीतरी हंगाम खणली. तिच्या तारखा बघताना हीच टीएफ अक्षरं भेटतात. त्या काळच्या याद्यांमध्ये एकाच नमुन्याला दोन तारखा दिलेल्या आढळतात, एक ५५६८ वरून आणि एक ५७३० वरून. कोणती कशावरून आली हे न बघता दोन गावांच्या तारखा शेजारी ठेवल्या तर तीन हजार वर्षांत नव्वद वर्षांचा खोटा फरक निघतो. जोर्वेसारख्या काही शतकांच्या संस्कृतीत नव्वद वर्षं म्हणजे तीन-चार पिढ्या. शोधनिबंध तपासताना मी सगळ्यात आधी हेच बघते.

डोंगरवाट

ताई, वाचनीय प्रतिसाद! यावरून विचारतो. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ते वय पोटॅशियमवरून काढतात असं वाचलं आहे. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य म्हणे १२५ कोटी वर्षं. एवढा वेळ कोण थांबलं होतं निम्मं व्हायला? हा आकडा मोजला कसा?

खडू_फळा

थांबावं लागतच नाही, आणि इथे सरासरी आयुष्य एकदम उघडं पडतं. फुटण्याचा वेग म्हणजे अणूंची संख्या भागिले सरासरी आयुष्य. मग सरासरी आयुष्य = अणूंची संख्या भागिले वेग. अणू मोजायचे वजनावरून, वेग मोजायचा यंत्रावर. झालं.

एक ग्रॅम साधं पोटॅशियम घ्या. त्यात पोटॅशियम-४० फक्त ०.०११७ टक्के, तरी अणू होतात १.८ गुणिले १० चा १८ वा घात. यंत्रावर सेकंदाला ३१-३२ फुटताना दिसतात. भागाकार केला की साधारण १८० कोटी वर्षं. हे सरासरी आयुष्य. याला ०.६९३ ने गुणलं की तुमचे १२५ कोटी. म्हणजे मोजताना हाती आधी सरासरी आयुष्य येतं, अर्धायुष्य त्यातून काढलं जातं. प्रत्येकाच्या शरीरात पोटॅशियम असतंच, मोठ्या माणसात सेकंदाला साधारण चार हजारांवर हे अणू फुटत असतात.

याउलट आयुष्य लहान असेल तर अर्धायुष्य थेट घड्याळावर दिसतं. १९०० साली रदरफर्ड मॉन्ट्रियलला थोरियममधून निघणाऱ्या वायूवर काम करत होते. त्या वायूचा किरणोत्सार साधारण मिनिटभरात निम्मा होतो हे त्यांना इलेक्ट्रोमीटरवर सरळ दिसलं. निम्मं होणं डोळ्यांना दिसतं, म्हणून ते माप रुजलं. त्यांचे सहकारी सॉडी मात्र लिहिता-बोलताना सरासरी आयुष्य वापरत.

डोंगरवाट

म्हणजे अणू इतके अफाट असतात की त्यातले अगदी थोडे फुटले तरी मोजता येतात. आता कळलं. +१

राईनकाठ

इथे जर्मनीत कणभौतिकीत पीएचडी करतोय. आमच्या विषयात अर्धायुष्य हा शब्द जवळजवळ ऐकूच येत नाही. म्युऑन २.२ मायक्रोसेकंद, पायऑन २६ नॅनोसेकंद, अल्पायुषी कणांचे हे सगळे आकडे सरासरी आयुष्याचे. त्यामुळे एक गोंधळ नेहमी होतो, तो इथे सांगतो. मोकळा, म्हणजे केंद्रकाबाहेरचा, न्यूट्रॉन किती जगतो? एका पुस्तकात "सुमारे १० मिनिटं" असतं, दुसऱ्यात "सुमारे १५ मिनिटं". दोन्ही बरोबर. १० मिनिटं हे अर्धायुष्य, पावणेपंधरा मिनिटं सरासरी आयुष्य. कोणतं ते न लिहिता आकडा देणं ही खरी चूक.

न्यूट्रॉनची गोष्ट इथेच संपत नाही. अतिथंड न्यूट्रॉन भांड्यात कोंडून, काही वेळाने किती उरले ते मोजलं तर सरासरी आयुष्य साधारण ८७८ सेकंद येतं. न्यूट्रॉनचा झोत सोडून त्यातून निघणारे प्रोटॉन मोजले तर साधारण ८८८. दोन्ही प्रयोगांची अनिश्चितता या दहा सेकंदांपेक्षा बरीच कमी आहे. एक पद्धत उरलेले मोजते, दुसरी फुटलेले. उत्तर एकच यायला हवं, येत नाही. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हेलियम किती तयार झाला हे या आकड्यावर अवलंबून असल्याने हे दहा सेकंद पुष्कळ लोकांना स्वस्थ बसू देत नाहीत.

अवांतर: खडू_फळा सरांच्या "थांबावं लागत नाही" या मुद्द्याचं टोक आपल्याच देशात गाठलं गेलं होतं. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली २३०० मीटरवर, १९८० च्या सुमारास १४० टनांचा शोधक (डिटेक्टर) बसवला होता, प्रोटॉन फुटतो का बघायला. त्या वेळच्या सिद्धांतांनुसार प्रोटॉनचं सरासरी आयुष्य १० च्या ३१ व्या घाताएवढ्या वर्षांच्या आसपास असू शकत होतं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं! पण १४० टन लोखंडात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून १० च्या ३१ व्या घाताच्या आठपट भरतात. म्हणजे वर्षाकाठी काही तरी दिसायला हवं. तिथे काही संशयित घटना नोंदल्या गेल्या, पण नंतरच्या त्याहून मोठ्या शोधकांत तसं काही सापडलं नाही. आज प्रोटॉनच्या आयुष्याची खालची मर्यादा काही प्रकारच्या ऱ्हासांसाठी १० च्या ३४ व्या घाताच्या वर गेली आहे.

सरळरेषा

सगळे प्रतिसाद वाचले. एकूण बेरजेसाठी सरासरी आयुष्य लागतं हे परळकर काकांनी चांगलं दाखवलं. तरी विचारतो, हॉस्पिटलात रोजच्या कामात तुम्हीही अर्धायुष्यच वापरत होता ना?

मुक्काम_परळ

वापरत होतोच, आणि वापरावंच. कॅन्सरवर किरणोपचार करणारं कोबाल्ट-६० चं मशीन घ्या. अर्धायुष्य ५.२७ वर्षं. सोर्स दर महिन्याला एका टक्क्याहून थोडा जास्त उतरतो, म्हणून महिन्याच्या सुरुवातीला नवा आउटपुट चार्ट काढून कन्सोलशेजारी लावायचा आणि जुना फाडून टाकायचा. जुना भिंतीवर राहता कामा नये, ही शिस्त होती. सोर्स नवा असताना दोन मिनिटांत होणारी ट्रीटमेंट पाच वर्षांनी जवळजवळ चार मिनिटं घेते. रुग्ण तेवढा वेळ हलता कामा नये, बाहेरची रांग वाढते. इथे प्रश्न "आज किती उरलं" एवढाच असतो, म्हणून अर्धायुष्य पुरतं.

स्कॅनसाठी देतात त्या टेक्नेशियम-९९एम चं तसंच. अर्धायुष्य ६ तास. सकाळी आठला जनरेटरमधून (टेक्नेशियम मिळवण्याच्या उपकरणातून) काढलेलं औषध दुपारी दोनला निम्मं, रात्री आठला पाव. कोणत्या रुग्णाला किती वाजता बोलवायचं हे तोंडी ठरतं. कचरा साठवतानाही दहा अर्धायुष्यं ठेवायचा, म्हणजे हजाराव्या भागाच्याही खाली जातो. आयोडीनसाठी ऐंशी दिवस.

पण त्याच टेक्नेशियमचा रुग्णाला एकूण किती डोस बसला हे काढायला बसलो की वहीत पहिली ओळ १.४४ ची.

सातारकर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलीने खडू_फळा सरांचा भागाकार उलटा करून रेडियमवर करून बघितला. एक ग्रॅम रेडियम-२२६, अर्धायुष्य १६०० वर्षं, सरासरी आयुष्य २३०८ वर्षं, म्हणजे ७,२८४ कोटी सेकंद. अणू २.६६ गुणिले १० चा २१ वा घात. भागाकार आला सेकंदाला ३,६५८ कोटी. पण एक क्युरी म्हणजे ३,७०० कोटी असं पुस्तकात आहे, आणि क्युरी हे एकक एक ग्रॅम रेडियमवरूनच आलं असंही आहे. तिचे ४२ कोटी कुठे गेले असं विचारते आहे.

खडू_फळा

कुठेही गेले नाहीत, तिचं उत्तर बरोबर आहे. क्युरी हे एकक १९१० मध्ये ठरलं ते एक ग्रॅम रेडियमशी जोडूनच. पण एक ग्रॅमचा वेग मोजण्याच्या पद्धती सुधारत गेल्या तसा आकडा थोडा थोडा हलत राहिला. एकक दरवर्षी बदलून कसं चालेल? म्हणून पुढे रेडियमपासून ते सोडवलं आणि एक क्युरी म्हणजे बरोबर ३,७०० कोटी असं व्याख्येनेच ठरवून टाकलं. त्यामुळे आज एक ग्रॅम रेडियम एका क्युरीला साधारण एक टक्का कमी पडतं. तिच्या ३,६५८ ला ३,७०० ने भागून बघू दे, ०.९९ येईल.